मंगळवारची चाळीस मिनिटं

रविवारी रात्री भांडी विसळून झाल्यावर
मी टेबलावर वही उघडते.
मॅनेजरने चाळीस मिनिटं दिलीत,
सकाळची पाळी सुटते आणि दुपारची लागते त्यांच्या मधली.
वर बजावलंय, नेलिदा, सह्याही त्यातच उरकून घे.
म्हणजे पस्तीस.

पहिली ओळ लिहिते :
'सायलोमध्ये उतरण्यापूर्वी घ्यावयाची खबरदारी'.
खोडते.
आमच्याकडे असं कुणी बोलत नाही.
आमच्याकडे म्हणतात, जरा आत जाऊन गठ्ठा फोडून येतो,
दोन मिनिटांत.

एप्रिल आहे. मक्याचे ट्रक
पार महामार्गापर्यंत उभे,
ड्रायव्हर चाकांच्या सावलीत झोपलेले.
अशा दिवसांत दोन मिनिटांना कोण नाही म्हणणार?

सेफेरिनो पहिल्या रांगेत बसेल, हाताची घडी घालून.
एकतीस वर्षं उतरतोय मी, म्हणेल, मका ओळखतो मला.
मका कुणाला ओळखत नाही, सेफेरिनो.
खालचा स्क्रू फिरायला लागला
की तो फक्त खाली जातो,
आणि वर जे उभं असेल ते सोबत नेतो.
पाण्यात पडलेला हातपाय तरी मारतो.
ज्याचा आपण घास करतो
त्याच्या घशात हातपाय हलत नाहीत.

गेल्या वर्षीचं हजेरीपत्रक फायलीत आहे.
सातव्या ओळीत ब्राउलियो आकोस्ताची सही,
वळणदार, खाली एक रेघ.
वकिलाने हा कागद दोनदा मागून नेला.
कंपनी निर्धास्त झाली : मुलाला सगळं सांगितलं होतं.
सांगितलं होतं, खरंच. मीच सांगितलं होतं.
पडद्यावर बावीस चित्रं, आणि मी
पडद्याकडे तोंड करून ती वाचत होते.
सहीच्या शेजारी समासात
त्याने एक बोकड काढलाय.
दाढीसकट.

पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो म्हणतात.
जूनमध्ये पत्रा कापून आम्ही मका बाहेर सोडला
तेव्हा मागे अकरा जण उभे होते.
पंधरवड्यात त्यातले तिघे पुन्हा आत उतरले,
दोरीशिवाय.

तेव्हा यंदा पडदा नाही.

माझ्या नवऱ्याचा जुना डांगरी पोशाख घेईन,
त्यात वाळू भरेन, माणसाच्या वजनाची.
ट्रॉलीभर मक्यात त्याला कमरेपर्यंत पुरेन
आणि चौघांना सांगेन, ओढा.
सेफेरिनोला सर्वांत आधी.
ओढू देत. हसू देत. पोशाखाची बाही उसवली तरी चालेल.
तो निघणार नाही.
काल गोदामामागे मी एकटीने ओढून पाहिलंय,
नंतर दोघा भावांना बोलावून.
इथे वहीत मोठ्या अक्षरांत लिहिते :
आता बोलायचं नाही, नेलिदा.
कडू येर्बाचा भोपळा हातोहात फिरू दे,
ज्याच्याकडे येईल तो बोलेल,
किंवा नुसताच पिऊन पुढे देईल.

मग कुलपं.
स्क्रूच्या खटक्याला लावायची, लाल,
प्रत्येकावर नाव, नखांच्या पांढऱ्या रंगाने मीच लिहिलेलं.
जो आत जाईल त्याचं कुलूप, त्याच्याच खिशात किल्ली,
मॅनेजरने मागितली तरी द्यायची नाही.
(हे वाक्य मॅनेजरला दाखवायच्या प्रतीत नाही.)

दुकानदार डझनाखाली देत नाही,
म्हणून अकरा माणसांची बारा कुलपं झाली.
बारावं टेबलावर कोरंच आहे.
त्याच्याकडे बघताना आठवतं,
गुरुवारी एक नवा मुलगा येणार आहे,
रोमांगच्या बाजूचा, शाळा नुकतीच सुटलेला,
नाव अजून कुणी सांगितलेलं नाही.
गुरुवारी. मंगळवारनंतर.

पान उलटते.
वर लिहिते, 'गुरुवार', खाली 'चाळीस मिनिटं',
जी मला कुणी दिलेली नाहीत,
आणि रंगाच्या बाटलीचं झाकण
घट्ट लावून ठेवते, सुकू नये म्हणून.