निरोप

रॉटरडॅममध्ये, नदीकाठच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
मी इतरांचं बोलणं वाचते. पगार त्याचाच मिळतो.
जहाजांची भाडी, बार्लीचे भाव,
मध्येच कुणाच्या तरी मांजरीचं ऑपरेशन.
शंभरातला एक संदेश यंत्र उचलून माझ्यापुढे टाकतं,
तांदळातला खडा म्हणून.
बहुतेकदा तो तांदूळच असतो.

‘हे वाचून पुसून टाक,’ असं लीवेनं लिहिलं
तेव्हा लाल दिवा लागला. दोन दिवस चौकशी.
योरीनच्या चाळिशीचा केक निघाला.

‘तिकडे बोलू’ हे मात्र वेगळं.
तिकडे म्हणजे कुठे, ते सगळ्यांना ठाऊक:
खिशातल्या दुसऱ्या फोनवर,
जिथलं बोलणं सात दिवसांत आपोआप विरतं.
कायदा म्हणतो, सात वर्षं जपा.
सातांची ही दोन गणितं जुळवता जुळवता
माझे केस पिकले.
थोडे आधीच पिकले होते.

मार्चमध्ये बार्लीचं मोठं टेंडर हातचं गेलं,
टनामागे अकरा सेंटांनी.
अकरा सेंट म्हणजे योगायोग नव्हे,
असं वरच्या मजल्यावर ठरलं,
आणि सगळ्यांनी लीवेकडे पाहिलं, कारण तो मोठ्यानं हसतो.
चार आठवडे मी लीवे वाचला.
त्याचं लग्न मोडतंय हे मला
त्याच्या बायकोच्या आधी कळलं.
जिन्यात भेटला की मी घड्याळ बघायची.

कळसा काखेतच होता.
भाव ठरवायच्या गटात चोवीस जण;
तेविसावं नाव माइंडर्ट.
नोकरी सोडून चौदा महिने झालेला माइंडर्ट,
नदीपलीकडच्या कंपनीत गेलेला,
जिनं आम्हाला अकरा सेंटांनी हरवलं.
त्याचा निरोपसमारंभही याच गटात झालेला:
एकेचाळीस संदेश, ट्यूलिप, शिडाचं जहाज,
‘विसरू नकोस आम्हाला.’
निरोप दिला सगळ्यांनी
आणि पुढचे चौदा महिने
रोजचे निरोप त्याला मिळत राहिले.
दाराशी उभं राहून हात हलवला,
दार लावायचं राहिलं.
लावायचं काम कुणाचं होतं?
संगणकवाल्यांना वाटलं मनुष्यबळवाल्यांचं,
त्यांना वाटलं लीवेचं,
आणि यादी दर तिमाहीला तपासणारी मी;
सही आहे माझी चार ठिकाणी.

नोंदी काढल्या.
भावांची फाइल त्यानं उघडली होती. एकदा.
टेंडरच्या आदल्या रात्री नव्हे, तीन आठवडे आधी,
आणि तेही नऊ सेकंद.
बाकी रोज दुपारी साडेबाराला
तो एवढंच वाचायचा:
आज वाटाण्याचं सूप आहे का,
खाली कोण कोण येतंय,
खिडकीजवळचं टेबल धरा.
अहवालात याला रकाना नाही.
‘अनधिकृत प्रवेश’ यावर मी खूण केली.
नऊ सेकंद उघडली तरी उघडलीच.

नवा नियमही मीच लिहून दिला, कलम चार:
गेलेल्या माणसांना चोवीस तासांच्या आत
गटातून काढून टाकावे.

संध्याकाळी ट्राममध्ये, पुलावर, घरच्या गटात
सिट्स्केनं नातवाच्या पडलेल्या दाताचा फोटो टाकला होता.
त्या गटात आम्ही सहा जण.
मोजायला गेलं तर पाच.
आईचं नाव आहे अजून, गुलाबाच्या चित्रासकट;
तिचा फोन वृद्धाश्रमातल्या कुठल्याशा ड्रॉवरमध्ये राहिला,
कुणी आणायला गेलं नाही.
‘किती चिमुकला!’ असं मी लिहिलं
आणि फोन मांडीवर ठेवला.

पूल संपायच्या आत बरोबरच्या दोन खुणा निळ्या झाल्या.
एकानं जरी वाचलं नसेल
तर त्या निळ्या होत नाहीत.