अर्ध्या गुणाचा वाद

फेब्रुवारीतला शनिवार, आयोवा.
अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सोळा टेबलं,
बाहेर बर्फ एवढा, की बंब काढायचा झाला
तर आधी फावडी शोधावी लागतील.
शाळेच्या रंगमंचाला नवा पडदा हवाय.
माणशी आठ डॉलर, सूप त्यातच.

प्रश्न विचारायला मी.
एरवी मी खिळे विकतो, बिजागऱ्या, उंदरांचे सापळे.
पण आवाज खणखणीत, आणि गाणाऱ्या माणसांचे सिनेमे
मला कधी सोसले नाहीत,
म्हणून मी निःपक्षपाती, असं समितीचं मत.

त्या सिनेमाचं नाव इथे कुणी घेत नाही.
‘तो’ म्हणतात नुसतं,
जुन्या बायका नवऱ्याला म्हणायच्या तसं.
अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सहा आठवडे
आमच्याच शाळेत झालं शूटिंग.
बास्केटबॉलची एक रिंग अजून वाकडी आहे,
नायक तिला लोंबकळून गायला होता.

पहिल्या फेऱ्या म्हणजे हातचा मळ.
नायिकेचा लॉकर? दोनशे सतरा.
जाकिटावरचा पक्षी? ससाणा, चोच उलटी शिवलेली.
कॅन्टीनच्या गाण्यात किती ट्रे पडतात?
नऊ, म्हणाले सगळे.
‘दहा!’ गेलन ट्वेट उभा राहिला,
तेच जांभळं जाकीट, पोटावर बटण न लागणारं,
‘दहावा दिसत नाही, ऐकू येतो!’
पुन्हा लावून पाहिलं. येतो ऐकू.
डे मॉइनहून गाडी हाकत आलेल्या दोन पोरांनी,
सिनेमानंतर पाव शतकाने जन्मलेल्या,
त्याला वाकून नमस्कारच करायचा बाकी ठेवला.

मग शेवटचा प्रश्न, एक गुण.
शेवटच्या गाण्यात, सूर लागण्याच्या आधी,
पायऱ्यांवरच्या अकरा मुली
एकदम खाली डावीकडे बघतात.
कुणाकडे?

पेन्सिली खरखरल्या. सोपं होतं.
नायक आत येतो, त्याच्याकडे.
माझ्या कार्डावरही तेच.
फक्त चौदा नंबरच्या टेबलावर,
शाळेची बस चालवणाऱ्या व्हर्लीन हाउगेनने लिहिलं होतं:
रोझान क्विगली.

नामावळीत असं नाव नाही, मी म्हणालो.
‘नसणारच,’ व्हर्लीन म्हणाली. ‘मी दुसऱ्या ओळीत तिसरी.
आम्ही बारा होतो. तिचा घोटा तालमीत मोडला.
कुबडी घेऊन ती रोज यायची,
कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी जमिनीवर बसायची,
बोटांनी मोजायची, चार, तीन, दोन.
त्याच्याकडे कोण बघतंय?
तो तर त्या दिवशी आलाच नव्हता, सर्दी झाली होती,
त्याचं येणं नंतर जोडलं.’

गेलन म्हणाला, पुरावा काय?
पोरांपैकी एकाने फोनवर चित्र थांबवलं,
दोन बोटांनी मोठं केलं, अजून मोठं,
अकरा चेहरे धान्यासारखे फुटले,
खाली नुसती लाकडी फरशी.

समिती कोपऱ्यात कुजबुजून आली.
अर्धा गुण दिला.
व्हर्लीनचं टेबल तेवढ्या अर्ध्याने हरलं,
बक्षिसाचा हॅम गेलनच्या घरी गेला.
रोझान आता कुठे असते, मी तिला दारात विचारलं.
‘स्पोकेनला. होती,’ ती म्हणाली,
आणि हातमोजा शोधायला लागली, जो हातातच होता.

नंतर मी खुर्च्या उचलल्या, सूपचं पातेलं घासलं.
खिशात ते कार्ड.
खोडायला खोडरबर नव्हतं,
म्हणून छापील उत्तराखाली पेन्सिलीनं लिहिलं
क्विगली,
स्पेलिंग चुकलं असेल.
आणि घरी जाऊन, चाळीस वर्षं टाळलेला तो सिनेमा
सुरुवातीपासून लावला, आवाज बंद करून.
डावीकडचा खालचा कोपरा
बघत बसलो.