पायरी

मावशीनं विमानतळावर दोनच गोष्टी सांगितल्या:
कान झाकून ठेव,
आणि शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.
मी तर ती चढायलाच शिकायला निघाले होते.

बफेलोत पायऱ्यांवर मीठ टाकतात.
जानेवारीत, उजाडायच्या आत, बादलीनं,
जाडंभरडं, निळसर, बुटाखाली करकरणारं.
सतरा पायऱ्या. मोजल्या,
कारण पोटात गोळा आला की मी काहीही मोजते.

"सरकारी विद्यापीठ?" शेजारचे काका म्हणाले होते,
"म्हणजे नावाजलेलं नाही मिळालं?"
नाही मिळालं, काका.
इथली फी कशीबशी झेपते, लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे अडते,
आणि चौथ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या उबेला
आमचं क्लिनिक आहे. दवाखानाच म्हणा.
रक्त नसतं, बाकी येणारे तसेच
अंग चोरून खुर्चीच्या कडेला बसणारे.
दुसऱ्या वर्षाला इथे माणूस हातात देतात,
अख्खा, चालता-बोलता,
आणि म्हणतात, सांभाळ.

मला मिळाल्या ब्रोनिस्लावा कुझ्मा, वय एकाहत्तर.
प्लास्टिकच्या पिशवीत भाड्याच्या पावत्या, घर सोडा म्हणणारी नोटीस,
आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर.
चौकटीचौकटीत पेन्सिलीनं आकडे:
अठ्ठेचाळीस. सेहेचाळीस. अठ्ठेचाळीस.
बावन्न, पुढे बारीक अक्षरात: ओव्हन उघडा ठेवला.
अकोल्यात अठ्ठेचाळीस म्हणजे मे महिना, डांबर वितळतं.
हे फॅरनहाइटमधलं अठ्ठेचाळीस,
ज्यात चहा ओतेपर्यंत निवतो आणि श्वास दिसतो.

कोर्टात घालायचे कोट एका कपाटात असतात,
आधीच्या मुलांनी ठेवून गेलेले.
माझ्या कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आल्या.
खिशात खोकल्याची गोळी निघाली, कागदाला चिकटलेली.
कुणाची, किती साली, देव जाणे.
खाल्ली.

न्यायाधीश म्हणाले, तुम्ही कोण?
विद्यार्थिनी, कोर्टाच्या परवानगीनं, वगैरे
पाठ केलेलं सगळं आलं.
प्रोफेसर व्हिटफील्ड मागच्या बाकावर,
पेनाचं टोपणही न काढता.
गप्प बसणं हे त्यांचं काम, आणि ते त्या
बोलण्यापेक्षा कष्टानं करतात.
मग मिस्टर फेरांती उठले, घरमालकाचे वकील,
म्हणाले, दोन महिन्यांचं भाडं थकलंय, बस्स.
माझं इंग्रजी त्या क्षणी कुठे गेलं मला माहीत नाही.
मी कॅलेंडर वर धरलं आणि म्हणाले,
"हे बघा."
मराठीत. स्पष्ट.
आणि त्यांनी बघितलं.
चष्मा कपाळावर चढवून, पान पान उलटून,
ओव्हनपाशी बोट थांबवून.
मग इंग्रजी परत आलं, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं
हाशहुश करत.

मिळाली काय, तर तारीख.
चौदा दिवस, आणि तोवर हीटर चालू करून दाखवा.
आपल्याकडे तारीख पडली की घरचे जेवत नाहीत.
कुझ्माबाईंनी ती कागदावर लिहून घेतली
आणि घडी करून हातमोज्यात ठेवली.

बाहेर फेरांती भेटले, काखेत आणखी सहा फायली,
सहाही घरं खाली करायची.
"चौथा मजला ना? लिफ्ट अजून अडते?"
मी मान हलवली.
"कॅलेंडर चांगलं होतं," म्हणाले. "मी नसतं विचारलं."
आणि दुसऱ्या दालनात गेले.
मला त्यांचा राग यायला हवा होता.
मी त्यांच्या कोटाच्या बाह्या बघत राहिले.
बरोबर मापाच्या.

उतरताना बाईंनी माझं कोपर धरलं.
मी मोजल्या: सोळाच भरल्या.
एक बर्फात गेली असेल, किंवा मी बोलत होते.
"चौदा तारखेनंतर तूच ना?" त्यांनी विचारलं.
चौदा दिवस, बाई, चौदा तारीख नव्हे,
आणि त्या दिवशी माझा करारकायद्याचा पेपर आहे.
हे सगळं सांगायचं होतं.
"मीच," म्हणाले.
मीठ करकरलं.