खोली एकोणीस

दर मंगळवारी, डंडीच्या जुन्या इस्पितळात
इशबेल रॅट्रे बंद वॉर्डाचे नळ सोडते.
सातव्या मजल्यावर आता रुग्ण नाहीत.
पलंग नेले; चाकांचे व्रण
तेवढे लिनोलियमवर राहिले.

थंड दोन मिनिटं, गरम एक.
धारेत थर्मामीटरची सळई,
कमरेला किल्ल्यांचा जुडगा,
वहीत रकाने: खोली, अंश,
पंचावन्नला पोचायला किती वेळ, शेरा.

पाणी एकटं पडलं की बिघडतं.
पाइपाच्या ज्या फाट्याकडे कुणी काही मागत नाही
त्याला त्यांच्या धंद्यात मेलेला पाय म्हणतात.
तिथे ते कोमट होऊन बसतं, बुळबुळीत साय धरतं,
आणि एके दिवशी शॉवरच्या तुषारांतून
कुणाच्या तरी छातीत उतरतं.
हे तिला म्हाताऱ्या मॅकॉर्कडेलने शिकवलं,
जो स्वतःचा चहा मात्र
विसरून विसरून गार करून प्यायचा.

सोळा: बावन्न सेकंद.
सतरा: पन्नास.
अठरा: नळ खोकला, गंजाची एक गुळणी टाकली,
मग अठ्ठावन्न.
एकोणीस: सहा सेकंदांत वाफ.

तिने नळ बंद केला. पुन्हा सोडला.
सहाच.
कुठेतरी पाणी मुरत होतं.

शॉवरच्या जाळीवर चुन्याचा कण नव्हता,
आणि जाळ्या घासायला अजून तीन आठवडे होते.
रेडिएटरवर वाळत घातलेला मोजा, एकच.
कंगव्यात करडे केस.
साबण इस्पितळाचा नव्हे, लॅव्हेंडरचा,
झिजून जिभेएवढा उरलेला.
बाहेर टे नदीवर आडवा पाऊस.

रात्रपाळीची कुणी, जिचं भाडं थकलंय?
की असा कुणी, ज्याचं माणूस
याच खोलीतून चाकांवरून गेलं?
नियम सोपा आहे: खाली गिलेस्पीला फोन करायचा,
दुपारपर्यंत कुलूप बदलतं.

इशबेलने पेनाचं टोपण दातांनी काढलं.
एकोणीस. सहा सेकंद.
शेरा: वापर नियमित. धोका नाही.
खोटं त्यात एक अक्षर नव्हतं.

निघताना तिने साबण उलटा करून ठेवला,
ओली बाजू वर.

वीस:
एक मिनिट झालं, दीड झालं,
ती सळई धरून उभी.
पाणी कोमटच.
इथे कुणीच येत नव्हतं.