एकवीस दिवस

सकाळी साडेपाचला मी स्टोनबोट तळ्याच्या उतारावर उभा असतो.
नारिंगी जाकीट, पाटीला दोरीनं बांधलेलं पेन,
आणि प्रत्येकाला तेच विचारायचं:
याआधी कुठल्या पाण्यात होती?
बोटी बोलत नाहीत. माणसं बोलतात,
घाईघाईत, थर्मासचं झाकण पिळत.

बूच काढलंय का?
मिनेसोटात रस्त्यावर बोट ओढायची ती बूच काढूनच.
एका तळ्याचं पाणी दुसऱ्याच्या वेशीत न्यायचं नाही,
ओंजळभरही नाही.
आमिषाचे जिवंत मासे घरी न्यायचे असतील
तर बादली इथेच उपडी करायची,
नळाचं पाणी भरायचं.
उरलेली गांडुळं कचऱ्यात. तळ्यावर दया करू नका,
असं मी म्हणतो, आणि कुणी हसत नाही.

नेंग थाओ येतो तेव्हा बायको शेजारी,
तिच्या मांडीवर चिकट भाताचा डबा.
न सांगता उतरतो, ट्रेलरच्या आसावरून
पाणवनस्पतीचा एक धागा सोडवतो,
आणि लेकीच्या केसातली लीख दाखवावी
तसा चिमटीत धरून मला दाखवतो.

डॅरल हॉकिन्सन मात्र मला पाण्यात पाहतो.
"चाळीस वर्षं येतोय इथे.
तुझं हे जाकीट शिवलंही नव्हतं तेव्हा."
मी त्याच्या बोटीच्या पोटावरून हात फिरवतो,
आमचा गोठा होता तेव्हा
गाभण गाईच्या कुशीवरून फिरवायचो तसा.
पॉलिशपेपर लागला की थांबायचं.
झेब्रा शिंपल्यांची पिल्लं ती, डोळ्यांना न दिसणारी.
हाताला आधी कळतं.

आणि एक कलम आहे, जे मी न अडखळता म्हणतो:
धक्का किंवा बोट-लिफ्ट
एका पाण्यातून काढली तर दुसऱ्यात घालण्याआधी
एकवीस दिवस कोरडी ठेवावी.

अकरा वर्षांपूर्वी मी एक जुनी लिफ्ट घेतली,
पलीकडच्या काउंटीतून, सहाशे डॉलर, रोख.
अंगणात गवतावर आडवी टाकली.
दहाव्या दिवशी ब्रिटा येणार होती,
सहा वर्षांची, तळ्यावर पहिल्यांदाच.
लेम्पी म्हणाली, अजून बारा दिवस आहेत.
मी म्हणालो, ऊन चांगलं पडलंय.

दोन उन्हाळे काहीच झालं नाही.
तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी नितळ झालं,
इतकं की वीस फुटांवरचा पडलेला नांगर दिसावा.
शहरातले लोक खूश. फोटो काढले.
तळ्यात काही उरलं नव्हतं म्हणून ते नितळ होतं,
उपाशी माणसाच्या ताटासारखं.
शिंपल्यांनी सगळं गाळून खाल्लं होतं,
पर्चची पिल्लं कशावर जगणार होती?
दगड धारदार झाले. ब्रिटाचा तळवा चिरला.
रक्त पुसताना तिनं विचारलं, हे कुणी आणले, आजोबा?
कुठल्यातरी बोटीनं आले असतील, मी म्हणालो.
लेम्पी बँडेज कापत होती. तिनं मान वर केली नाही.
त्यानंतर चार वर्षं जगली, एकदाही बोलली नाही.

कदाचित माझी लिफ्ट नसेलही.
त्या वर्षी शंभर बोटी आल्या असतील.
दुसऱ्यांना शिकवणारा स्वतः कोरडा पाषाण असतो म्हणतात.
मी तर कोरडाही नव्हतो.

काल दुपारी एक तरुण जोडपं आलं,
ट्रकमध्ये लिफ्ट आडवी, वर गादी, गादीवर कुत्रा.
इथून पुढे, रस्ता संपतो तिथल्या छोट्या तळ्यावर चालले होते,
जिथे अजून दगडावर अनवाणी उभं राहता येतं.
तारीख विचारली. बोटांवर मोजलं.
एकोणीस.
दोन दिवसांचंच तर आहे, तो म्हणाला,
पाहुणे येणार आहेत, आणि हात आभाळाकडे करून,
बघा ना, ऊन किती चांगलं पडलंय.

मी पाटी बॉनेटवर ठेवली.
बाही वर केली,
आणि खालच्या नळीच्या तोंडात बोट घातलं,
दुसऱ्या पेरापर्यंत.

ओलं होतं.