पंचवीस सेकंद हलू नका

अकरा वर्षं मी परक्यांच्या फोटोंत उभा आहे.
उयुनीच्या मिठावर, जीपपासून वीस पावलं,
डोक्याला टॉर्च, तोंड वर.
"पंचवीस सेकंद हलू नका, एर्मोहेनेस."
नाही हललो. नाक गळलं तरी नाही.
कोरियात, बेल्जियममध्ये, कुणाकुणाच्या दिवाणखान्यात
माझी काळी आकृती आकाशगंगेला टेकून उभी असेल,
नाव नसलेली.

या जूनमध्ये एल आल्तोच्या बाजारात गेलो,
गुरुवारी, जिथे ट्रकचे आरसे, कुत्र्याची पिल्लं
आणि मेलेल्यांचे कोट शेजारी शेजारी विकतात.
म्हाताऱ्या फाउस्तिनोनं तीन कॅमेरे मांडले.
पहिला चकचकीत. चेहरा ओळखतो, हसू ओळखतो म्हणे.
मी म्हटलं, हसू ओळखायला नकोय,
अंधारात डोळे मोठे करणारा दाखव.
दुसरा हलका, पण भिंग चिंचोळं;
त्यातून आभाळ बघणं म्हणजे
किल्लीच्या भोकातून लग्न बघणं.
तिसरा कोपऱ्यात ठेचलेला,
पट्टा कुणाच्या तरी घामानं काळा,
भिंग मात्र रुंद, दोन पॉइंट आठपर्यंत उघडणारं.
टोपण न काढता अर्ध्या मिनिटाचा एक फोटो घेतला.
नुसत्या काळ्यात चार लाल ठिपके.
"जळलेले आहेत," फाउस्तिनो खरं बोलला
आणि भाव उतरवला.
चार खोटे तारे. चालतील. तोंडओळख ठेवीन.

निकोलासानं किंमत विचारली. सांगितली.
तिनं हातातल्या बटाट्याची साल एकसलग काढली,
मग म्हणाली,
"टायर घेणार होतास."

रात्री उणे चौदा.
ट्रायपॉडचे पाय प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधले,
मीठ लोखंड खातं.
बॅटऱ्या दोन: एक कॅमेऱ्यात, एक काखेत,
अंड्यासारखी उबवत.
ऑटो सगळं बंद. आयएसओ बत्तीसशे.
वीस सेकंद. पंचविसाला तारे शेपूट काढतात,
पाहुण्यांच्या फोटोंत बघितलंय,
बोललो नाही कधी.

फोकस.
भिंगावर आडव्या आठाची खूण असते, अनंताची.
ती खोटी.
तिथं थांबलं तर तारे उकडलेल्या किन्वासारखे फुगतात.
अडेपर्यंत पुढे जायचं, मग केसभर मागे,
पडद्यावर एकच तारा मोठा करून, श्वास धरून,
तो टाचणीच्या टोकाएवढा होईस्तोवर.
मग कड्यावर चिकटपट्टी, वायरमनची, काळी.
अनंत एकदा सापडलं
की बोट लावायचं नाही.

पाहुणे तारे टिपायला येतात.
मला तारे फारसे नको होते.
आमच्याकडे ताऱ्यांमधल्या काळ्याला नावं आहेत.
आकाशगंगेत एक लामा चालते, मादी,
सगळी अंधाराची,
मान लांब, पोटाशी पिल्लू,
डोळ्यांपुरते तेवढे दोन तारे.
मिठाच्या विटा लादलेल्या कळपामागे चालताना
बापानं दाखवली होती:
"ती बघ. ती ओझं घेत नाही."

बटणानं कॅमेरा हलतो,
म्हणून दोन सेकंदांचा टायमर.
पहिल्या फोटोत जीपचं दार उघडलं,
आतला दिवा लागला, आभाळ ताकासारखं.
दुसऱ्यात भिंगावर दव गोठलं.
मोजा काढला, त्यात तांदळाची गरम पुरचुंडी घालून
भिंगाच्या गळ्यात बांधला.
तिसऱ्याच्या वेळी निकोलासा खाली उतरलेली.
"हलू नकोस," मी ओरडलो.
"का?"

फोटो आहे.
लामा आहे, मान आहे, दोन डोळे,
पिल्लू आहे म्हटलं तर आहे.
चारपैकी एक खोटा तारा
नेमका तिच्या पोटात लाल.
आणि खाली, जिथे मी उभा असायचो,
तिथं निकोलासा,
पुसट, तीन हॅटांची,
कारण थंडी वाजत होती, ती पाय आपटत होती
आणि पूर्ण वीस सेकंद
टायरबद्दलच बोलत होती.