खुर्ची कुठे ठेवायची

मोखोत्लोंगला जुलैत बर्फ पडतो.
वर्गात रॉकेलचा एकच हीटर,
त्याला चिकटून आम्ही अकरा जणी, आणि सेखोबे.
मे माखोत्सो यांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
(मे म्हणजे आई. थोरल्या बाईला आम्ही तेच म्हणतो.)
एक खुर्ची उचलली, म्हणाल्या,
ही कुठे ठेवाल?

लिपुओने ठेवली टेबलापलीकडे.
"कचेरी झाली."
मी ठेवली अगदी समोर, गुडघ्याला गुडघा.
"पोलीसचौकी."
सेखोबेने दाराला टेकवून ठेवली
आणि स्वतःच चपापला:
बाईला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती.

शेवटी ती आली खिडकीपाशी, जराशी तिरपी,
अशी, की बसणारीला दार दिसावं
आणि आमच्या तोंडाकडे बघायची सक्ती नसावी.
पाऊण तास गेला एका खुर्चीत.
पुस्तकात तिला अर्धी ओळ होती.

मग सराव.
मे माखोत्सो घोंगडं पांघरून रुग्ण झाल्या,
खांदे आत ओढून, एकदम लहान.
"काय झालं?" लिपुओने विचारलं.
"पडले."
"कशावरून?"
"घोड्यावरून."
"मग नीट धरून बसायचं ना, मावशी!"
आम्ही खळखळून हसलो.
घोंगडं हसलं नाही.

बराच वेळ कळेना,
सराव चालू आहे की संपला.
घोंगड्यातूनच त्या बोलू लागल्या:
बत्तीस वर्षं झाली. सेमोंकोंगचा दवाखाना.
भुवई फाटलेली, सात टाके.
घोड्यावरून पडले, म्हणाली.
मी लिहिलं: घोड्यावरून पडली.
नवरा बाहेर लगाम धरून उभा होता.
टोपी काढून त्याने माझे आभार मानले.
मी त्याला म्हटलं, घोडा बदला.
तो घोडा, काय सांगू,
गाईसारखा गरीब,
नाकावर माशी बसली तरी
मान हलवत नव्हता.

"टाके मी सुरेख घालते," त्या म्हणाल्या,
"तेव्हाही घालायचे."

"पुढे?" सेखोबेने विचारलं.
"पुढचं मला माहीत नाही.
तेच तर सांगतेय."

त्या दिवशी आम्ही एकच वाक्य घोकलं,
माझा तुमच्यावर विश्वास आहे.
आळीपाळीने, मोठ्याने.
कुणाचं निघालं बसच्या कंडक्टरसारखं,
कुणाचं घशात काट्यासारखं अडलं.
एक जण म्हणतामहणता रडायलाच लागली.
का, ते आम्ही विचारलं नाही.
तेवढं शिकलो होतो.

जाताना सेखोबे घुटमळला:
"मी पुरुष. मी खोलीत थांबायचं का?"
"मला काय विचारतोस? तिला विचार.
आणि नको म्हणाली तर तोंड पाडू नकोस."

पहिल्या नेमणुकीवर, तिसऱ्याच रात्री,
एक बाई आली चालत, एकटी,
मनगट दुसऱ्या हाताने धरून.
खुर्ची खिडकीपाशी होतीच, तिरपी.
"घोड्यावरून पडले," ती म्हणाली.
माझ्या हातात पेन होतं.
मी लिहिलं: 'घोड्यावरून पडले,' असं त्या सांगतात.
मग पेन ठेवलं
आणि ते वाक्य म्हटलं.
कंडक्टरसारखंच निघालं.

ती उठली.
मला वाटलं, चालली.
तिने चांगल्या हाताने खुर्ची ओढली,
फरशीवर केवढा तो आवाज,
आणि ठेवली माझ्या खुर्चीशेजारी, खांद्याला खांदा,
जिथे ठेवायचं
आमच्या पाऊण तासात कुणालाच सुचलं नव्हतं.

दोघी समोरच्या भिंतीकडे बघत बसलो.
भिंतीवर लसीकरणाचा तक्ता.
तिने तो सगळा वाचला असावा,
गोवरापर्यंत, धनुर्वातापर्यंत.
मग तक्त्यालाच सांगितल्यासारखं म्हणाली,

"आमच्याकडे घोडा नाही."